भूकंप : शाळेतील पाठ व घराची भिंत

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल व आसपासच्या गावांतील मुले शाळेत भूगोलाच्या पुस्तकातून भूकंपाचा पाठ शिकतात. भूकंपाची व्याख्या, त्याची कारणे, त्याचे परिणाम असे प्रश्न परीक्षेत येतात व विद्यार्थी त्यांची उत्तरेही चांगली लिहितात. परंतु हा पाठ बहुधा दप्तरातच राहतो. घरी आजोबा शेषनागाने मस्तक हलविल्याची कथा सांगतात, वडील नव्या घरासाठी विटा व डबर गोळा करीत असतात, आणि पुस्तकातील भूकंपाचा आपल्या भिंतीशी काही संबंध आहे असे कोणास वाटत नाही.

तो संबंध आहे, व तो फार जवळचा आहे. महाराष्ट्रातील दोन मोठे भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाले. त्या वेळी मुले शाळेत नव्हती. ती आपापल्या घरी निजलेली होती. यास्तव भूकंपाचे ज्ञान शाळेच्या फळ्यावरून घराच्या भिंतीपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे. हे काम विद्यार्थी, शिक्षक व गावपातळीवरील कार्यकर्ते मिळूनच करू शकतात. त्यांना उपयोगी पडेल अशी माहिती या लेखात दिली आहे.

जमीन का हलते ?

आपण ज्या जमिनीवर नांगर चालवितो ती वरून स्थिर दिसते. परंतु पृथ्वीचे बाह्य कवच एकसंध नाही. ते अनेक प्रचंड तुकड्यांचे बनलेले असून हे तुकडे अतिशय मंद गतीने सरकत असतात. या तुकड्यांना भूपट्ट असे म्हणतात. भारताचा भूपट्ट वर्षास सुमारे ५ सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकत आहे व तिबेटच्या बाजूच्या भूपट्टास रेटीत आहे. या रेट्यानेच हिमालय उंचावला.

हिमालय आपणापासून फार दूर आहे, मग आपल्याकडे धक्का का बसावा, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात व तो योग्य आहे. बैलगाडीचे जू एका टोकाशी अडले तर ताण साऱ्या साटीस बसतो आणि जेथे लाकूड पूर्वीच तडकलेले असेल तेथे ते प्रथम करकरते. त्याचप्रमाणे भूपट्टाच्या कडेस होणाऱ्या रेट्याचा ताण त्याच्या अंतर्भागापर्यंत पोहोचतो. तेथील खडकांत जुन्या भेगा असतात. या भेगांच्या दोन्ही बाजू घर्षणाने एकमेकींस धरून ठेवतात व ताण साठत जातो. ताण घर्षणापेक्षा अधिक झाला म्हणजे भेगेच्या बाजू एकाएकी सरकतात. अनेक वर्षे साठलेली शक्ती काही सेकंदांत मोकळी होते व तिच्या लाटा चोहीकडे पसरतात. हाच भूकंप होय. सरकलेल्या अशा भेगेस भ्रंश म्हणतात. जमिनीखाली जेथे हे सरकणे सुरू होते त्या स्थानास भूकंपनाभी म्हणतात, आणि तिच्या बरोबर वर जमिनीच्या पृष्ठभागावर जी जागा येते तिला अपिकेंद्र म्हणतात.

हरसूलच्या डोंगरांतील काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाच्या थरांचा बनलेला आहे. विहीर खणताना हे थर एकाखाली एक लागतात. खडक कठीण असला तरी त्याच्या थरांत व त्याखालच्या अधिक जुन्या खडकांत भेगा आहेत. दख्खनचे पठार भूकंपापासून पूर्णपणे सुरक्षित आहे, हा समज एके काळी जाणकारांतही होता. पुढे दिलेल्या घटनांनी तो खोटा ठरविला.

दोन प्रकारच्या लाटा

भूकंपाच्या वेळी प्रथम बारीक थरथर किंवा गडगडाट व नंतर जोराचा हेलकावा असा क्रम पुष्कळांनी अनुभवला असेल. त्याचे कारण असे की नाभीपासून मुख्यतः दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली लाट खडकास पुढे-मागे दाबीत जाते. तिचा वेग कठीण खडकात सेकंदास सुमारे ६ किलोमीटर असतो. तिला प्राथमिक लाट म्हणतात. दुसरी लाट खडकास आडवी हलवीत जाते. तिचा वेग सेकंदास सुमारे साडेतीन किलोमीटर असतो, म्हणून ती मागाहून पोहोचते. तिला दुय्यम लाट म्हणतात. घरे पाडण्याचे काम बहुधा ही दुय्यम लाट व तिच्या पाठोपाठ पृष्ठभागावरून येणाऱ्या लाटा करतात.

शिक्षकांनी हे वर्गात सहज दाखवावे. दहा मुलांना एका रांगेत उभे करून प्रत्येकास पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवण्यास सांगावे. शेवटच्या मुलाने हलकेच पुढे ढकलले की तो रेटा रांगेतून पुढे जातो. ही प्राथमिक लाट. नंतर त्याने एका बाजूस झुकावे व मागोमाग प्रत्येकाने झुकावे; ही दुय्यम लाट.

दोन लाटांच्या आगमनातील अंतर मोजून भूकंप किती दूर झाला हे काढता येते. या अंतराच्या सेकंदांस ८ ने गुणावे, म्हणजे अंतर अंदाजे किलोमीटरमध्ये मिळते. समजा, एका केंद्रावर हे अंतर ५ सेकंद, दुसऱ्यावर १० सेकंद व तिसऱ्यावर १५ सेकंद आहे. तर भूकंप त्यांपासून अनुक्रमे सुमारे ४०, ८० व १२० किलोमीटरवर झाला. नकाशावर तीन केंद्रांभोवती दोरा व पेन्सिल यांच्या साहाय्याने त्या त्या मापाची वर्तुळे काढली असता ती जेथे एकत्र मिळतात तेथे अपिकेंद्र असते. भूकंपमापन केंद्रांत हेच गणित अधिक सूक्ष्म रीतीने केले जाते. नाशिक येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, जिला सर्वजण 'मेरी' या नावाने ओळखतात, तेथे धरणांच्या परिसरातील धक्क्यांच्या नोंदी ठेवण्याचे काम चालते. विद्यार्थ्यांचे गणित व भूगोल हे दोन्ही विषय या एका उदाहरणात एकत्र येतात.

प्रमाण व तीव्रता यांतील भेद

वर्तमानपत्रात ३.६ किंवा ६.२ असे आकडे येतात. हे भूकंपाचे प्रमाण होय. लोक त्यास रिश्टरचा आकडा म्हणतात. हा आकडा नाभीपाशी किती शक्ती मोकळी झाली हे सांगतो व तो एका भूकंपास एकच असतो. याउलट तीव्रता म्हणजे एखाद्या गावी धक्का किती जोराने जाणवला व तेथे काय नुकसान झाले याचे माप. ती गावोगाव निराळी असते. तारपा वाजविणाऱ्याचा दम एकच असतो, परंतु शेजारी बसलेल्यास, पाड्याच्या टोकावरील माणसास व डोंगरापलीकडील माणसास तो निरनिराळा ऐकू येतो, तसेच हे आहे.

प्रमाणाचे आकडे साध्या मापाप्रमाणे वाढत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. आकडा १ ने वाढला म्हणजे मोकळी होणारी शक्ती सुमारे ३२ पट होते. २ ने वाढला तर सुमारे १,००० पट होते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी पहाटे चारच्या सुमारास नाशिकच्या पश्चिमेस सुमारे ८९ किलोमीटरवर ३.६ प्रमाणाचा धक्का नोंदविला गेला. किल्लारीचा भूकंप ६.२ प्रमाणाचा होता. त्यात मोकळी झालेली शक्ती या धक्क्याच्या सुमारे ८,००० पट होती. म्हणून लहान धक्क्याने घर उभे राहिले, यावरून ते मोठ्या धक्क्यातही उभे राहील असे अनुमान काढू नये.

महाराष्ट्राने घेतलेला अनुभव

कोयना — ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सातारा जिल्ह्यातील कोयनानगर परिसरात ६.३ प्रमाणाचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली व दोन हजारांहून अधिक जखमी झाली. दगडी व विटांची घरे मोठ्या संख्येने कोसळली. धरणाच्या काँक्रीटमध्ये भेगा पडल्या. परंतु धरण फुटले नाही व पुढे ते अधिक मजबूत करण्यात आले. कोयनेचा जलाशय १९६२ च्या सुमारास भरू लागला व त्यानंतर तेथे लहान धक्के जाणवू लागले होते. मोठ्या जलाशयाचे वजन व खोल भेगांत शिरणारे पाणी यांमुळे पूर्वीच ताणलेला भ्रंश सरकू शकतो, हे या घटनेच्या अभ्यासातून जगापुढे आले. ठाणे जिल्ह्यातील भातसा धरणाच्या परिसरातही १९८३ साली धक्क्यांची मालिका जाणवली होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शेततळे, गाव तलाव किंवा सिमेंट बंधारा यांतील पाणी कोयनेसारख्या जलाशयाच्या मानाने अत्यंत अल्प असते. अशा कामांमुळे भूकंप होईल या भीतीने जलसंधारणाच्या कामास विरोध करणे युक्त नाही.

किल्लारी — ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ४ वाजण्यापूर्वी काही मिनिटे लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांना ६.२ प्रमाणाचा धक्का बसला. गणपतीचे विसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. सुमारे ८,००० ते १०,००० माणसे मृत्युमुखी पडली व ५२ गावे उद्ध्वस्त झाली. त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याचा दाखविलेला होता. १९९२ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत तेथे लहान धक्के जाणवले होते. परंतु लहान धक्क्यांनंतर मोठा भूकंप येतोच असे नाही. पुष्कळ ठिकाणी ते आपोआप थांबतात.

पालघर — हरसूलच्या पश्चिमेस सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरवर डहाणू व तलासरी तालुके आहेत. तेथे धुंदलवाडीच्या परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून लहान लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. येथे एकच मुख्य धक्का न बसता अनेक लहान धक्के पुनःपुन्हा बसत राहिले. अशा प्रकारास भूकंपांची झुंड म्हणता येईल. अनेक कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजी धक्क्याच्या वेळी बाहेर धावताना पडून दोन वर्षांच्या एका बालिकेचा अंत झाला. तिच्या अंगावर भिंत कोसळली नव्हती; घाबरून झालेल्या धावपळीत तिला इजा झाली. काय करावे याची घरात आधीच तालीम असणे किती आवश्यक आहे, हे या दुःखद घटनेवरून दिसते.

भारतीय मानक संस्थेने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या नकाशात नाशिक जिल्हा मध्यम धोक्याच्या तिसऱ्या विभागात दाखविलेला होता. तात्पर्य, आपण रोज भीतीखाली वावरावे असे कारण नाही, परंतु बेसावध राहावे असेही नाही.

माणसे कशाने दगावतात ?

मोकळ्या माळावर उभ्या असलेल्या माणसास भूकंपाने सहसा इजा होत नाही. इजा होते ती भिंत, छप्पर, माळ्यावरील सामान व डोंगरावरून सुटलेला दगड यांनी. किल्लारी भागातील घरांची पाहणी केली असता हे फार स्पष्टपणे दिसून आले. तेथील भिंती दोन-अडीच फूट किंवा त्याहून जाड होत्या. बाहेरून व आतून गोल दगडांचे दोन पदर, मधल्या पोकळीत बारीक दगड व माती, आणि सांधण्यास चिखल, अशी त्यांची रचना होती. दोन्ही पदरांस बांधणारे आरपार दगड घातलेले नव्हते. वर लाकडी पाटणीवर फूट-दीड फूट मातीचा थर असलेले माळवद होते. हे माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवीत असे, परंतु त्याचे वजन प्रचंड होते. धक्का बसताच भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, दगड ढासळले व मातीचे छप्पर निजलेल्या माणसांवर आले. पुष्कळांचा अंत मातीखाली श्वास कोंडून झाला. त्याच गावांतील गवताच्या व पत्र्याच्या हलक्या झोपड्यांचे नुकसान मात्र पुष्कळच कमी झाले.

आता हरसूल भागातील जुन्या घराकडे पाहावे. जमिनीत रोवलेल्या लाकडी मेढी, त्यांवर आढे व वासे, कारवीचा कूड, त्यास शेण-मातीचा गिलावा व वर गवत किंवा कौले. हे घर वजनाने हलके आहे, त्याचा भार मेढींवर आहे, व कूड लवचीक आहे. धक्क्याने गिलावा फुटेल, काही कौले घसरतील. परंतु सारे घर एकदम माणसांवर कोसळण्याचा संभव कमी. विद्यार्थ्यांना पुस्तकात भूकंपरोधक घराचे जे गुण सांगितले जातात, त्यांपैकी कित्येक त्यांच्या आजोबांच्या घरात आहेत. हे त्यांना अवश्य दाखवून द्यावे. मात्र मेढीचा जमिनीतील भाग कुजलेला किंवा वाळवीने पोखरलेला असेल तर हा गुण नाहीसा होतो. म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मेढीच्या बुंध्याशी पहारीने टोचून पाहावे व कमकुवत मेढ बदलावी.

आज घरकुल योजनेतून किंवा स्वतःच्या कमाईतून पुष्कळ कुटुंबे विटांची व सिमेंटच्या ठोकळ्यांची घरे बांधीत आहेत. पाऊस, विंचू-साप व आग यांपासून अशी घरे अधिक चांगले संरक्षण देतात. म्हणून हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु वीट व ठोकळा वाकत नाहीत. चार भिंती एकमेकींस बांधलेल्या नसतील तर धक्क्याने प्रत्येक भिंत स्वतंत्रपणे हलते, कोपरे उकलतात व भिंत बाहेर किंवा आत पडते. म्हणजे कुडाचे घर सोडून पक्के घर बांधताना जर काळजी घेतली नाही, तर आपण पूर्वीपेक्षा अधिक धोक्यात जातो. हीच या लेखातील मुख्य गोष्ट आहे.

नवे घर बांधताना घ्यावयाची काळजी

१. घराचा आकार साधा चौकोनी ठेवावा. लांबी रुंदीच्या तिपटीहून अधिक असू नये. तीव्र उताराच्या कडेस, भरावाच्या सुट्या मातीवर किंवा दरडीच्या पायथ्याशी घर बांधू नये.

२. दारे व खिडक्या यांच्या चौकटींच्या वर, सर्व भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा घालावा. त्याची जाडी किमान ३ इंच असावी. त्यात १० मिलिमीटरच्या दोन सळया ठेवून दर १५ सेंटिमीटरवर ६ मिलिमीटरच्या सळईच्या रिंगा बांधाव्यात. पट्टा कोठेही तोडू नये. केवळ खिडकीपुरता लिंटल टाकून थांबणे ही नेहमी होणारी चूक आहे. पेटीच्या चारी बाजूंस पट्टी मारली म्हणजे फळ्या सुटत नाहीत, तेच काम हा पट्टा करतो.

३. कोपऱ्यावर पट्ट्याच्या सळया वाकवून दुसऱ्या भिंतीत पुरेशा लांब न्याव्यात. कोपऱ्यातच सळई संपविली तर पट्ट्याचा उपयोग राहत नाही.

४. दार किंवा खिडकी कोपऱ्यापासून किमान दोन फूट दूर असावी. एका भिंतीतील सर्व दारे-खिडक्यांची एकूण रुंदी भिंतीच्या लांबीच्या निम्म्याहून कमी ठेवावी.

५. डबराची भिंत बांधावयाची असल्यास तिची जाडी दीड फुटाहून अधिक करू नये. उंचीत दर दोन फुटांवर व लांबीत दर चार फुटांवर भिंतीच्या पूर्ण जाडीइतका आरपार दगड घालावा. असा दगड न मिळाल्यास तेथे सळई घालून काँक्रीटचा ठोकळा ओतावा. जुन्या दगडी भिंतीतही काळजीपूर्वक छिद्र पाडून असे ठोकळे भरता येतात.

६. छप्पर हलके ठेवावे व ते भिंतीस पक्के बांधावे. पत्रे किंवा कौले यांच्या खालचा सांगाडा एकमेकांस तिरप्या लाकडांनी जोडावा.

७. भिंतीवर निदान सात दिवस पाणी मारावे. पाण्याविना सुकलेला सिमेंटचा सांधा मातीपेक्षा फारसा बरा नसतो.

या सर्व गोष्टींत मोठा खर्च पट्ट्याचाच आहे, व तो घराच्या एकूण खर्चाच्या मानाने थोडा असतो. गवंडी पट्टा अनावश्यक आहे असे म्हणाला, तर घरमालकाने आपला आग्रह सोडू नये. भिंत छातीइतकी उंच झाल्यावर गावातील कार्यकर्त्याने एकदा बांधकामास भेट द्यावी. कारण भिंत चौकटीच्या वर गेल्यावर पट्टा घालण्याची वेळ निघून जाते.

शेती, पाणी व जनावरे

भूकंपानंतर विहिरींचे पाणी काही दिवस गढूळ होते, पातळी कमी-अधिक होते, एखादा झरा आटतो व दुसरीकडे नवा फुटतो. खडकातील भेगा मिटल्याने किंवा उघडल्याने हे घडते. यात चमत्कार नाही. गढूळ पाणी निवळेपर्यंत ते पिऊ नये. प्यावयाचे पाणी उकळून व गाळून घ्यावे. विहिरीचे बांधकाम तडकले असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत कठड्याजवळ जाऊ नये.

मातीचे बांध, पाझर तलाव व शेततळी यांच्या माथ्यावरून चालून पाहावे. बांधाच्या लांबीने गेलेली भेग, खचलेला माथा किंवा पायथ्याशी निघणारे गढूळ पाणी ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी पाण्याची पातळी कमी करण्याची व्यवस्था करून जलसंधारण किंवा पाटबंधारे खात्यास ताबडतोब कळवावे. आपल्या डोंगरउतारावर भात व नागलीची खाचरे असतात. जोराचा धक्का भर पावसाळ्यात बसल्यास भिजलेली माती व सुटे दगड घसरण्याचा संभव अधिक असतो. उतारावर नवीन भेगा, तिरपी झालेली झाडे किंवा एकाएकी फुटलेले पाणी दिसल्यास त्याखालील घरे रिकामी करणे हितावह ठरते.

गोठ्याची भिंत घराच्या भिंतीइतकीच महत्त्वाची आहे. जनावरे दगडी भिंतीच्या कडेस न बांधता मेढीच्या बाजूस बांधावीत. दाव्याची गाठ एका ओढीत सुटेल अशी मारावी. कणग्या, पाटे, जाती व लाकडाचे ओंडके माळ्यावर किंवा निजण्याच्या जागेच्या वर ठेवू नयेत. धान्याची उंच कणगी मेढीस दोरीने बांधून ठेवावी.

शाळेत करावयाचा प्रयोग

एका मोठ्या परातीत दोन बोटे वाळू पसरावी. तिच्यात वीतभर उंचीची तीन लहान घरे करावीत. पहिले घर बारीक खडे व चिखल यांचे. दुसरेही तसेच, परंतु मध्यावर व माथ्याशी बांबूच्या कामट्यांचे चौकोनी पट्टे चिखलात दडपलेले व कोपऱ्यांशी सुतळीने बांधलेले. तिसरे कारवीच्या काड्यांचे, शेण-मातीने लिंपलेले. तिन्ही घरे चार-पाच दिवस वाळू द्यावीत. पहिल्या दोन घरांवर समान वजनाची चपटी फरशी ठेवावी व तिसऱ्यावर गवत घालावे. मग परात प्रथम हळू व नंतर जोराने आडवी हलवावी. कोणते घर केव्हा व कोठून फुटले हे विद्यार्थ्यांनी वहीत लिहावे. कोपरा प्रथम उकलतो, हे त्यांच्या ध्यानात येईल. हा प्रयोग पालकसभेच्या किंवा ग्रामसभेच्या दिवशी करावा. तासभराच्या व्याख्यानाने जे पटत नाही ते परातीतील दोन घरे पटवितात.

यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराची पाहणी करावी. भिंत कशाची आहे, पट्टा आहे काय, निजण्याच्या जागेवर काय टांगलेले आहे, दार कोणत्या बाजूस उघडते, मोकळी जागा किती पावलांवर आहे, या पाच प्रश्नांची उत्तरे आई-वडिलांबरोबर बसून लिहावीत.

धक्का बसल्यास काय करावे

दाराजवळ असाल व घर एक मजली असेल तर लहान मुलास कडेवर घेऊन शांतपणे मोकळ्या जागेत जावे. दार दूर असेल तर बाकाखाली किंवा मजबूत खाटेखाली बसावे, डोके हातांनी झाकावे व पाय घट्ट धरावा. बाकाखाली जागा नसेल तर आतल्या भिंतीशी खाली बसून डोके झाकावे. खिडकी व माळ्याखालची जागा टाळावी. मोठा धक्का बहुधा एक मिनिटाच्या आत ओसरतो. तो थांबल्यावर शिक्षकांनी रांगेने मुलांना पटांगणात न्यावे व हजेरी घ्यावी. चुलीतील विस्तव विझवावा, गॅसची टाकी बंद करावी. मोकळ्या जागेतही भिंत, विजेच्या तारा व मोठे झाड यांपासून दूर उभे राहावे.

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये ७.७ प्रमाणाचा भूकंप झाला. अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीतील शाळकरी मुले त्या वेळी अरुंद गल्लीत होती. दोन्ही बाजूंची घरे कोसळून त्यांतील अनेकांचा अंत झाला. प्रभातफेरीचा मार्ग ठरविताना आपल्या शाळांनी ही गोष्ट स्मरणात ठेवावी.

मुख्य धक्क्यानंतर लहान धक्के अनेक दिवस बसू शकतात. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग गेली असेल, भिंत फुगली असेल किंवा छप्पर एका बाजूस सरकले असेल तर त्या घरात निजू नये. तलाठी व ग्रामपंचायतीस कळवावे. जखमींसाठी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. अमुक दिवशी अमुक वाजता भूकंप होणार, असे सांगणारे संदेश मोबाइलवर फिरतात. भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगण्याचे शास्त्र आज जगात कोणापाशीही नाही. असा संदेश पुढे पाठवू नये व त्यावर विश्वासही ठेवू नये.

उपसंहार

पेरणीचा दिवस आपण पावसावरून ठरवितो, परंतु बियाण्याची निवड व बांधाची दुरुस्ती पाऊस येण्यापूर्वीच करतो. भूकंपाचेही तसेच आहे. तो केव्हा येईल हे आपल्या हाती नाही; तो येईल तेव्हा आपली भिंत कशी असेल हे मात्र आपल्या हाती आहे. ज्या शेतकरी बंधू-भगिनींचे घर या वर्षी बांधावयाचे आहे, त्यांनी जोते पुरे होताच पट्ट्याच्या सळयांची तजवीज करावी. आणि शाळेत जाणाऱ्या मुलाने भूकंपाचा पाठ घरी वाचून दाखविला तर तो शेवटपर्यंत ऐकून घ्यावा.